बारावीतला एक डी आणि हातात आलेला प्रवेश

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, बारावीत आहे. मार्चमध्ये तिला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका कॅम्पसला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मंडळाच्या गुढीपाडव्याला सगळ्यांना सांगून झालं. सांगलीला सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. आणि मागच्या आठवड्यात शाळेच्या पोर्टलवर भलतंच काहीतरी शोधताना पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड दिसले. दोन ए, तीन बी आणि एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कॅल्क्युलसला डी. तिला जानेवारीपासून माहीत होतं, आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. आताही त्या विषयात ती ७१ टक्क्यांवर आहे.

मी तिला खूप बोलले. "तुझ्यासाठी आम्ही देश सोडला आणि तू हे पांग फेडलेस", इथपर्यंत बोलले. तेव्हापासून ती ताट खोलीत घेऊन जाते, आमच्याबरोबर जेवत नाही.

यांचं म्हणणं, प्रवेश नोव्हेंबरच्या अर्जावर झालाय, आता डी कोण बघतंय? यांच्या पुतण्याने पुण्यात बारावीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, सीईटीवर लागला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसा", म्हणतात. मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाचा प्रवेश ऐन ऑगस्टमध्ये रद्द झाला. माझी झोप उडाली आहे. खरंच प्रवेश जाईल का? कॅल्क्युलस आत्ता सोडून दिलं तर चालेल का? आणि मी स्वतः ॲडमिशन ऑफिसला फोन करून सगळं समजावून सांगू का?

एक आई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

झोप ज्या प्रश्नाने उडाली आहे त्याचं उत्तर आधी देते. हो, या एका डीमुळे प्रवेश जाऊ शकतो. पण तो टिकण्याची शक्यताही चांगली आहे, आणि त्यासाठी जे करायचं ते तुमच्या लेकीला एप्रिल संपायच्या आत करता येण्यासारखं आहे. तुमच्या घरात सुचवलेला गप्प बसण्याचा मार्ग मात्र सगळ्यांत धोक्याचा. तुमच्याच भागातल्या, सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून काम करताना, बारावीत डी मिळूनही ठरलेल्या कॅम्पसला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्यांचे प्रवेश गेले, त्यांतल्या बहुतेकांनी कॉलेजला काही कळवलेलंच नव्हतं.

"कोण बघतंय" याचं उत्तर जरा सविस्तर लिहिते, म्हणजे हे पान तुम्हाला घरात दाखवता येईल.

यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज भरताना तुमच्या मुलीने आपले विषय आणि ग्रेड स्वतःच टाकले. शाळेचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत ग्रेडपत्रक, तेव्हा कोणी मागितलं नाही. यूसी जो जीपीए, म्हणजे ग्रेडच्या गुणांची सरासरी, काढते तो दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून. बारावीचे विषय अर्जात नुसते "चालू आहेत" म्हणून नोंदलेले असतात. म्हणजे ज्यांनी तिची निवड केली, त्यांच्यासमोर अर्जात बारावीचा एकही ग्रेड नव्हता. मुलीने एपी कॅल्क्युलस घेतलंय एवढं त्यांनी वाचलं आणि ती ते नीट पार पाडेल असं धरून जागा दिली. म्हणूनच तो प्रवेश तात्पुरता आणि अटींवर असतो, आणि जागा स्वीकारताना त्या अटी मान्य कराव्या लागतात. अटींचा गाभा बहुतेक कॅम्पसवर सारखाच आहे. अर्जात लिहिलेले विषय पूर्ण करायचे. बारावीत डी किंवा एफ नको. बारावीचा जीपीए ३.० च्या खाली जायला नको. आणि अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचायला हवं. ते ट्रान्स्क्रिप्ट शाळा परस्पर पाठवते, आणि मग उन्हाळ्यात ॲडमिशन ऑफिसमधली माणसं अर्जातली माहिती त्याच्याशी ताडून बघतात. तुमच्या घरातली झाकलेली मूठ फार तर जुलैपर्यंत झाकलेली राहील.

या अटींमध्ये आणखी एक कलम असतं, जे मुलं वाचतच नाहीत. बारावीत डी किंवा एफ मिळाला, किंवा एखादा विषय सोडला किंवा बदलला, तर तसं कॅम्पसला ताबडतोब कळवायचं. अर्ज भरतानासुद्धा ही सूचना असते. म्हणजे तुमच्या मुलीने खरं तर जानेवारीतच कळवायला हवं होतं. उशीर झालाय. पण आपणहून एप्रिलमध्ये सांगणारी मुलगी आणि जुलैमध्ये ट्रान्स्क्रिप्टवरून उघडी पडलेली मुलगी, यांच्याकडे ते ऑफिस एकाच नजरेने पाहत नाही. पहिलीला विचारतात, आता काय करायचं ठरवलंयस? दुसरीच्या बाबतीत ग्रेडबरोबर सचोटीचाही प्रश्न निघतो, आणि तिथे तिची बाजू मांडायला फारसं काही उरत नाही.

आता हिशेब. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १. दोन ए, तीन बी आणि एक डी म्हणजे ८ अधिक ९ अधिक १, एकूण १८. त्याला ६ ने भागलं की बरोबर ३.०. एपीचा जो जादा गुण शाळेच्या जीपीएमध्ये दिसतो, तो या अटीत सगळीकडे धरत नाहीत. त्यामुळे पोर्टलवर मोठा आकडा दिसला तरी त्यावर विसंबू नका. पहिल्या सेमिस्टरला ती अगदी काठावर आहे. दुसऱ्या सेमिस्टरला कॅल्क्युलसचा सी आला तर बाकीच्यांत आहे ते टिकवलं तरी पुरेल, पण एखादा बी घसरून सी झाला की वर्षाची बेरीज पुन्हा काठावर येते. सगळं घर कॅल्क्युलसवर तुटून पडलंय, तेवढ्यात इंग्रजी किंवा गव्हर्नमेंटचा, म्हणजे नागरिकशास्त्राचा, पेपर हातचा जाऊ देऊ नका. मे महिन्यात असं हमखास होतं.

७१ टक्के म्हणजे तिच्या शाळेच्या पद्धतीप्रमाणे बहुधा सी मायनस. यूसी अधिक-उणे मोजत नाही, त्यामुळे सी मायनस हा त्यांच्या लेखी सीच. गणिताच्या बाबतीत आणखी एक नियम तिच्या बाजूचा आहे. पात्रतेचे जे विषय यूसीला लागतात, त्यांत गणिताच्या दुसऱ्या सेमिस्टरला सी किंवा वर मिळाला की पहिल्या सेमिस्टरचा डी भरून निघाला असं धरतात. पण हा नियम पात्रतेपुरता. "बारावीत डी नको" ही प्रवेशाची अट त्याने आपोआप सुटत नाही, तिच्यावर कॅम्पसनेच निर्णय द्यायचा असतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण कोणीतरी व्हॉट्सॲपवर पहिली अर्धी गोष्ट सांगून तुम्हाला निर्धास्त करणार आहे.

पुतण्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची जागा सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरते हे खरं. पण तिथेही बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतातच. आयआयटी-एनआयटीला तर बारावीला ७५ टक्के हवेत, एससी-एसटीला ६५, किंवा मग आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. म्हणजे शेवटच्या वर्षाची अट तिकडेही आहे, फक्त पुतण्याला ती सहज पार करता आली म्हणून घरात कोणाच्या लक्षात राहिली नाही. आपल्या पिढीच्या डोक्यात बसलंय की एकदा लागला की सुटला. एका परीक्षेने आयुष्य ठरलेल्या माणसाला तसं वाटणारच, यात तुमच्या यजमानांचा दोष नाही. इथे मात्र शाळेचं प्रत्येक सेमिस्टर मोजतात, आणि शेवटचं सेमिस्टर तर प्रवेश दिल्यानंतर मोजतात.

मंडळातल्या बाईंनी सांगितलेली गोष्ट अशक्य नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनमध्ये अपेक्षेपेक्षा शेकडो जास्त विद्यार्थ्यांनी जागा स्वीकारल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कॅम्पसने सुमारे ५०० प्रवेश रद्द केले. कुणाचं ट्रान्स्क्रिप्ट वेळेत पोचलं नव्हतं, कुणाचे बारावीचे ग्रेड घसरले होते. एरवी ज्या चुकांकडे समजुतीने पाहिलं गेलं असतं, त्यांनाही नियम अक्षरशः लावला गेला. मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवला, चॅन्सेलर हॉवर्ड गिलमन यांनी जाहीर माफी मागितली आणि पुष्कळ मुलांना परत घेतलं. त्या मुलांचे ते काही आठवडे कसे गेले असतील याची कल्पनाही करवत नाही. मी हे घाबरवायला सांगत नाही. कॅम्पस किती भरलाय यावर अट किती कडक लागेल हे अवलंबून असतं, आणि ते आपल्याला आधी कळत नाही. म्हणून नशिबावर सोडायला नको.

याच्या दुसऱ्या टोकाला टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीसारखी उदाहरणं आहेत. प्रवेश मिळाल्यावर ग्रेड घसरलेल्या मुलांना तिथलं ॲडमिशन ऑफिस पत्र पाठवत असे. काय झालं ते लिहून कळव, नाहीतर तुझी जागा धोक्यात आहे. त्या पत्रांना ऑफिसातली माणसंच "देवाची भीती घालणारी पत्रं" म्हणत. हेतू असा की मुलाने खडबडून जागं व्हावं. बहुसंख्य कॉलेजं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. ए चा बी झाला तर कोणी विचारत नाही. सगळीकडे ए असलेल्या मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टवर अचानक तीन सी आले तर विचारतात. डी आणि एफला मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी थांबतात, आणि तो विषय पुढच्या शिक्षणाचा पाया असेल तर जास्तच. मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलीचा कॅल्क्युलसमधला डी, हे सिरॅमिक्सच्या तासाला मिळालेल्या डीसारखं नाही. तिथल्या पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस आणि त्याच्यावर उभं असलेलं फिजिक्स तिच्यासमोर येणार आहे. ऑफिसला काळजी वाटते ती मुलगी तिथे टिकेल का याची. म्हणून तिच्या उत्तरात नुसती दिलगिरी असून भागणार नाही. गणित आता कसं पक्कं करणार, हे त्यात आलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सगळ्यांत आधी तिने, तिने स्वतः, शाळेतल्या आपल्या काउन्सेलरला भेटायचं. एप्रिलमध्ये काउन्सेलरच्या दाराशी रांग असते, तरी या कामासाठी वेळ मिळतो. भेटीला जाताना कॅम्पसच्या पोर्टलवरून तिच्या स्वतःच्या अटींचं पान काढून न्यायचं. वर मी गाभा सांगितला, पण शेवटचा शब्द तिच्या कॅम्पसच्या पानावर आहे. काउन्सेलरला तिच्या परिस्थितीची माहिती असली की गरज पडल्यास ते कॉलेजशी बोलू शकतात, पाठिंब्याचं पत्र देऊ शकतात. मी हे काम केलंय, म्हणून खात्रीने सांगते. आपण पाठवलेल्या पत्राला वजन येतं ते मुलाने आपल्याला आधी सगळं खरं सांगितलेलं असेल तेव्हा.

मग पोर्टलवरून कॅम्पसला कळवायचं. पाच-सात वाक्यं पुरतात. पहिल्या सेमिस्टरला एपी कॅल्क्युलसमध्ये मला डी मिळाला, हे मी आधी कळवायला हवं होतं, कळवलं नाही याबद्दल क्षमस्व. मग कारण, दोन ओळींत, शिक्षकांना दोष न देता. मग आतापर्यंत काय केलं, उदाहरणार्थ कोणत्या शिकवणीला जाते, सरांना किंवा मॅडमना तासाबाहेर भेटते का, सध्याचा ग्रेड काय आहे. मग पुढे काय करायची तयारी आहे, आणि शेवटी एक सरळ प्रश्न: हा विषय उन्हाळ्यात पुन्हा करून दाखवला तर माझा प्रवेश कायम राहील का? लेखी उत्तर येईल ते जपून ठेवायचं. "लहानपणापासून रोबोटिक्सची आवड आहे" वगैरे या पत्रात नको, ते निबंधात लिहून झालंय.

उन्हाळ्याचा तो पर्याय खरोखर हाताशी आहे. तुमच्यापासून कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल, ही दोन्ही कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजं, जवळ आहेत आणि दोन्हीकडे उन्हाळ्यात कॅल्क्युलसचे वर्ग असतात. पण आधी कॅम्पसला विचारा, मग वर्ग लावा. कोणता वर्ग चालेल, किती ग्रेड हवा आणि निकाल कधीपर्यंत पोचायला हवा, हे त्यांनी सांगायचं. बर्कली आणि मर्सेडचं सत्र ऑगस्टमध्येच सुरू होतं, बाकीच्या पदवी कॅम्पसचं सप्टेंबरच्या शेवटी, त्यामुळे तारखांचं गणित कॅम्पसप्रमाणे बदलतं. आपल्या मनाने पैसे भरून, आठ आठवडे राबून, शेवटी "हा वर्ग आम्ही धरत नाही" असं ऐकायची वेळ येऊ नये.

कॅल्क्युलस सोडायचा विचार मनातून काढून टाका. अर्जात लिहिलेला विषय परवानगीशिवाय सोडणं हा अटीचा वेगळा भंग आहे. डी मिळाला म्हणून विषय सोडला तर एका अडचणीच्या दोन होतील. मे महिन्यातली एपी परीक्षाही तिने द्यावी. वर्गातला ग्रेड त्या परीक्षेने बदलत नाही, पण निकाल जुलैच्या सुरुवातीला येतो, नेमका ट्रान्स्क्रिप्टच्या सुमाराला. ५ पैकी ३ किंवा ४ आले तर "मला हा विषय जमतो" हे सांगायला तिच्याकडे पुरावा राहील.

हे सगळं १ मेच्या आधी सुरू व्हायला हवं. जागा स्वीकारायची ती शेवटची तारीख. स्वीकारून झाली असेल तरी कळवायचंच. स्वीकारली नसेल तर उत्तर काय येतं ते बघून बाकीच्या प्रवेशांचा विचार करता येईल. तिला दुसरीकडे कुठे, कॅल स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या, एखाद्या कॅम्पसला, जागा मिळाली असेल तर ती घाईने सोडून देऊ नका. मात्र तिथेही अटी साधारण अशाच असतात, डी तिथूनही दिसणारच आहे. दोन ठिकाणी अनामत भरून दोन्ही जागा अडवून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. ते गैर आहे, आणि कळलं तर दोन्हीकडून हात धुवून बसायची पाळी येते.

तुमचा शेवटचा प्रश्न: मी फोन करू का? करू नका. तुमची तळमळ मला समजते. पण या देशात मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क कायद्याने पालकांकडून त्याच्याकडे जातो, आणि ॲडमिशन ऑफिसं त्याच्या आधीपासूनच अर्जदाराशीच बोलतात. आईचा फोन गेला की पलीकडच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, मुलगी कुठे आहे? पत्राचा मसुदा वाचायचा असेल तर तिची हरकत नसेल तेव्हाच वाचा, आणि तिची भाषा बदलू नका. सतरा वर्षांच्या मुलीचं पत्र सतरा वर्षांच्या मुलीसारखंच वाटलं पाहिजे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र वाचताना मी ज्याच्यापाशी सगळ्यांत जास्त थांबले, त्याबद्दल.

इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेली, बाकी विषयांत ए आणि बी आणणारी मुलगी एका विषयात डीपर्यंत का घसरली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला वाटतं ते तुम्हालाही माहीत नाही. शेवटच्या वर्षी मुलं सैल पडतात, इथे त्याला सीनियरायटिस म्हणून हसण्यावारी नेतात, आणि पुष्कळदा ते तेवढंच असतं. पण पहिलं सेमिस्टर म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर. प्रवेश तेव्हा मिळालेलाही नव्हता. सैल पडायचं कारणच नव्हतं. ते महिने अर्जांचे, निबंधांचे, अपुऱ्या झोपेचे. त्यात एकदा चाचणीत मागे पडलं की कॅल्क्युलस हा विषय असा आहे की पुढचं काहीच उमगत नाही, आणि हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीला हात वर करून "मला कळलं नाही" म्हणायची सर्वांत जास्त लाज वाटते. कदाचित इतकंच असेल. कदाचित आजारपण असेल, मैत्रिणींमधलं काही असेल, उदासी असेल. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिने हे एकटीने पोटात ठेवलं. पाडव्याला मंडळात टाळ्या वाजत होत्या आणि आजी फोनवर पेढ्यांचं सांगत होती, तेव्हाही तिला हे माहीत होतं. त्या मुलीवर काय गेलं असेल?

तिच्याशी बोला. त्याआधी, जे बोललात ते मागे घ्या. "तुझ्यासाठी देश सोडला" हे वाक्य परदेशातल्या आपल्या घरांत फार सहज बोललं जातं, आणि मुलांना ते फेडता न येणाऱ्या कर्जासारखं ऐकू येतं. तिने लपवलं ते चुकलंच, तसं तिला सांगाही. पण ज्या घरात खरं सांगितलं की असं ऐकावं लागतं, त्या घरात पुढचं खरं कोण सांगेल? "मी रागाच्या भरात बोलले, ते बोलायला नको होतं", एवढं आईने म्हटलं तर आईचा मान कमी होत नाही. मग विचारा, ऑगस्टपासून काय चाललं होतं? आणि ती सांगेपर्यंत मध्ये बोलू नका. वडिलांनीही नाही.

ताट घेऊन खोलीत जाणं काही दिवसांत थांबलं तर ठीक. पण झोप-जेवण बिघडलंय, मैत्रिणी तुटल्यात, कशातच रस उरला नाही असं दिसलं, तर प्रवेशाचा विषय बाजूला ठेवून आधी शाळेतल्या सायकॉलॉजिस्टला किंवा तुमच्या डॉक्टरांना गाठा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा तोंडून निघाली तर एक क्षण थांबू नका. ९८८ या नंबरवर दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो, मुलांना स्वतःला आणि काळजीत पडलेल्या पालकांनाही. आणि घसरणीमागे खरंच आजार असेल, तर ते कॉलेजला सांगण्यात काही कमीपणा नाही. डॉक्टरांचं किंवा काउन्सेलरचं पत्र जोडता येतं आणि ते वाचलं जातं.

सासूबाईंना आत्ता काही सांगायची गरज नाही. मंडळात कोणी विचारलंच तर मुलगी परीक्षेच्या गडबडीत आहे म्हणा, आणि ते खरंच आहे.

अकरावीतल्या मुलांचे पालक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी थोडं. वरचं सगळं यूसीचं झालं. कॉमन ॲपवरून, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावरून, अर्ज घेणाऱ्या पुष्कळ खासगी कॉलेजांत बारावीचे ग्रेड आणखी आधी दिसतात, कारण पहिलं सेमिस्टर संपलं की जानेवारी-फेब्रुवारीत शाळा मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे अर्ध्या वर्षाचे ग्रेड, पाठवते. जानेवारीत अर्ज केलेल्या मुलाच्या फाइलमध्ये निर्णयाच्या आधीच तो डी जाऊन बसतो. अर्ली डिसिजनवर, म्हणजे मिळालं तर तिथेच जाईन असं बांधून घेऊन लवकर केलेल्या अर्जावर, डिसेंबरात प्रवेश मिळालेल्यांच्या फाइलमध्येही जातो. ज्याचा निर्णय लांबणीवर टाकलाय किंवा जो वेटलिस्टवर आहे, त्याच्यासाठी तर बारावीचे ग्रेड हीच नवी माहिती. तिथे चांगलं सेमिस्टर दार उघडू शकतं आणि वाईट सेमिस्टर बंद करू शकतं. मेरिट स्कॉलरशिप मिळाली असेल तर तिचं पत्र वेगळं वाचा, तिच्यातही अटी असू शकतात.

आणि समजा, एवढं सगळं करूनही त्यांनी प्रवेश रद्द केला तर? अपील करता येतं, लेखी, दिलेल्या मुदतीत. तेही फेटाळलं तर कॅलिफोर्नियात एक रस्ता असा आहे की ज्याची आपल्या लोकांना उगाच लाज वाटते. डी अँझासारख्या कॉलेजात दोन वर्षं करून यूसीला तिसऱ्या वर्षात जायचं. यूसी स्वतःहून असे विद्यार्थी मोठ्या संख्येने घेते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस तर ठरलेले विषय आणि जीपीए पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. इंजिनिअरिंगच्या काही शाखांना काही कॅम्पसवर ती हमी लागू नाही, तेवढं तपासून घ्यावं लागेल. शेवटी मिळणारी पदवी तीच, खर्च पुष्कळ कमी. मी अशी मुलं पाहिली आहेत, आणि ती तिसऱ्या वर्षात कुणापेक्षा मागे नव्हती. तुमच्या मुलीला हे आत्ताच सांगा, कॅम्पसला पत्र पाठवायच्या आधी. पुढे काहीच नाही असं वाटणारं मूल खरं लिहायला धजत नाही.

तिने मसुदा लिहिला आणि तिला स्वतःला वाटलं, तर या सदराच्या पत्त्यावर पाठवू दे. मी वाचेन आणि काही राहिलं असेल तर तिला कळवीन. तो छापला जाणार नाही.